विनातारण: दृढीकरणाच्या वर्गात कृपा कशी शिकवावी

"तारण म्हणजे काय?" असं मी वर्गात पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मागे बसलेला एक जण म्हणाला, "सोनं ठेवतात ते." पोरं हसली. मी मात्र गप्प झालो, कारण चोवीस वर्षं मी एका पतसंस्थेत तेच काम केलं होतं. सोनेतारण, मालतारण, जमीनतारण. शेवटची अकरा वर्षं वसुलीला. सोमवार ते शनिवार ज्या शब्दाखाली लोकांच्या पाटल्या तिजोरीत ठेवायच्या, तोच शब्द रविवारी उपासनेत पापातून सुटका या अर्थाने मोठ्याने वाचायचा, आणि या दोन अर्थांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी असं कधी सुचलं नव्हतं.

आता मी धडा इथूनच सुरू करतो. तुमच्याकडे दृढीकरणाचा, म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आपला विश्वास स्वतः कबूल करायला तयार करण्याचा, वर्ग असेल, तर तुम्हीही इथूनच करा. शेवगाव तालुक्यातली आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान, वर्षाला आठ-दहा मुलंमुली बसतात. विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना हे सगळं पाठ करून घेता येतं. कृपेने तारण हेही पाठ होतं, आणि घोटाळा तिथेच होतो. एका वर्षी आमच्या एका मुलीने 'कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे' हे इफिसकरांस पत्रातलं वचन बिशपांसमोर न अडखळता म्हटलं. बिशपांनी हसून विचारलं, "मग बेटा, तुझं तारण कशाने झालं?" ती म्हणाली, "मी रोज प्रार्थना करते म्हणून." मी खांबाआड उभा होतो तो तिथेच राहिलो.

फळ्यावर दोन रकाने पाडा. डावीकडे 'संस्थेतलं तारण', उजवीकडे 'शास्त्रातलं तारण'. विचारा: संस्थेत तारण कोण देतं? कर्जदार. कशाला? संस्थेचा त्याच्यावर भरवसा नसतो म्हणून. तारण नसेल तर? "मग कर्ज मिळत नाही," असं मुलं आपणहून सांगतात, कारण बहुतेकांच्या घरचं एखादं मंगळसूत्र कुठे ना कुठे जाऊन आलेलं असतं. मग उजवीकडे वळा. हा शब्द तारू, नावाडी, पैलतीर यांच्या कुळातला. देव तारी त्याला कोण मारी, हे त्यांच्या आज्या म्हणतातच. आता प्रश्न: गोदावरीत गटांगळ्या खाणारा माणूस नावाड्याकडे काय तारण ठेवणार? इथे थांबा. उत्तर देऊ नका. खडू खाली ठेवून एक मिनिट गप्प बसणं हे या धड्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, मला अजून नीट जमत नाही.

'कृपा' या शब्दाला थोडा वेळ पुरतो. मुलांना तो शब्द कुठे कुठे वाचला ते विचारा. रिक्षाच्या मागे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, लग्नपत्रिकेच्या डोक्यावर. एक जण हमखास म्हणतो, "साहेबांच्या कृपेने नोकरी लागली." तो नमुना धरून ठेवा. साहेबांची कृपा आपल्या माणसावर होते, आणि पुढे निवडणुकीत तिची आठवण करून दिली जाते. येशूचा प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात सांगतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे आपण अजून साहेबांचा माणूस झालेलो नसताना, उलट समोरच्या पार्टीत असताना. एवढं सांगितलं की मुलांना पुरतं.

यानंतर बायबलात मत्तय १८ काढा. येशूने सांगितलेला क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला: राजा त्याचं देणं सोडून देतो, तो मात्र आपल्या सोबतीच्या चाकराचं देणं सोडत नाही. मोबाइल वर्गात आणू नका असं मी म्हणतो, पण या दिवशी एकाला कॅल्क्युलेटर उघडायला सांगतो. चाकराचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. गुणाकार मुलांनाच करू द्या: ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आपल्याकडचा रोज ५०० रुपये धरला तर ३,००० कोटी रुपये. हा आकडा मोबाइलच्या पडद्यावर शून्यं मोजत वाचताना त्यांचे चेहरे बघा. एरवी 'आपलं पाप फार मोठं आहे' हे वाक्य वीस वेळा सांगूनही जे होत नाही ते इथे होतं. दुसऱ्या चाकराचं देणं शंभर दिनार, म्हणजे ५०,००० रुपये. तेही काही थोडं नाही, हे आवर्जून सांगा. माणसं आपल्याला खरंच दुखवतात. येशू त्या दुखण्याला शून्य म्हणत नाही.

या दाखल्यात एक गोष्ट वसुलीवाल्यालाच दिसते, म्हणून ती मी फुकटात देतो. पहिला चाकर पाया पडून काय मागतो? माफी मागत नाही. मुदत मागतो. 'मला सांभाळून घ्या, मी सगळं फेडीन.' ३,००० कोटी! अकरा वर्षं मी हे वाक्य ओट्याओट्यावर ऐकलं. "साहेब, एवढं उसाचं बिल येऊ द्या." "पोराला नोकरी लागतेय, दिवाळीपर्यंत थांबा." आणि आम्हीही काय करायचो? नवं-जुनं. जुन्या कर्जात व्याज मिळवायचं, त्यावर नवा कागद करायचा, मार्चअखेर खातं चालू दिसायचं. देणं वाढलेलंच असायचं, फक्त तारीख पुढे गेलेली. आपल्यातले कितीतरी लोक देवाशी दर वर्षी नवं-जुनंच करतात. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेला बसायचं, पुढच्या वर्षी नक्की सुधारतो म्हणायचं, जानेवारीच्या संक्रांतीपर्यंत खातं चालू. राजाने मात्र त्या चाकराची मुदत वाढवलीच नाही. त्याने देणं सोडून दिलं. मागितलं एक आणि मिळालं भलतंच, हे मुलांना दोनदा वाचायला लावा.

त्याच बैठकीत निर्लेखन आणि माफी यातला फरक सांगून टाका. गावात दोन्हीला लोक 'कर्ज माफ झालं' म्हणतात, पण तसं नाही. संस्था एखादं बुडीत कर्ज निर्लेखित करते तेव्हा ते ताळेबंदातून बाहेर जातं, कर्जदाराच्या डोक्यावरून जात नाही. वसुली चालूच राहते. मी स्वतः निर्लेखित खात्यांच्या याद्या खिशात घेऊन बाजाराच्या दिवशी फिरलो आहे. आमच्या मंडळीतली किती तरी सज्जन माणसं अशी जगतात, जणू देवाने त्यांचं पाप निर्लेखित केलं आहे आणि यादी अजून त्याच्या खिशात आहे. मूल आजारी पडलं, बोअरला पाणी लागलं नाही, की त्यांना वाटतं वसुलीवाला आला. कलस्सैकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात पौल ऋणलेखाबद्दल बोलतो: तो खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला. तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ अक्षरशः हाताने लिहिलेला कागद. कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली चिठ्ठी. मी वर्गात प्रत्येकाला एक कोरा कागद देतो, त्यावर आपलं पाप लिहायला सांगतो आणि तो कोणालाही न दाखवता बाहेर लिंबाखाली जाळायला लावतो. जाळण्याऐवजी खिळा ठोकून बघितलं होतं एका वर्षी. वाऱ्याने दोन कागद उडून रस्त्यावर गेले आणि एका मुलीला रडू आवरेना. जाळाच.

कर्जमाफीची उपमा मुलांना चटकन कळते, पण ती कुठे मोडते तेही सांगायला हवं, नाहीतर चुकीचं शिक्षण जातं. सरकारी माफीत सरकार बँकेला पैसे देतं, आणि सरकारचा पैसा म्हणजे आपणा सगळ्यांचा. क्रुसावर तिसऱ्याच कोणाच्या खिशातून काही निघालं नाही. ज्याचं येणं होतं त्यानेच तोटा अंगावर घेतला. काही उपदेशक असं चित्र रंगवतात की वर बाप रागाने काठी घेऊन उभा आणि मध्ये मऊ मनाचा येशू. मला ते पटत नाही आणि पौलालाही पटलं नसतं. देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, असं तो करिंथकरांस लिहितो. बाप आणि पुत्र एकाच बाजूला उभे आहेत.

जामीनदाराची गोष्ट सांगायची ती इथे. इब्री लोकांस पत्राच्या ७व्या अध्यायात येशूला जामीन म्हटलंय, तेव्हा ओढूनताणून आणलेली नाही. आमच्या संस्थेत एका प्राथमिक शिक्षकाने मित्राला सही दिली होती. मित्र रातोरात नाशिकला गेला तो गेलाच. मास्तरांच्या पगारातून तीन वर्षं हप्ता कापला गेला. कपातीचं पत्र दर वेळी मीच लिहायचो. चौथ्या वर्षी तो मित्र गावात परत आला आणि खातं निल झाल्याचं ऐकून कार्यालयात आला. त्याला वाटलं संस्थेने सोडून दिलं. मी खातेवही फिरवून त्याच्यासमोर धरली. छत्तीस नोंदी, प्रत्येकीपुढे मास्तरांचं नाव. तो बाकावर बसला आणि एकच विचारलं, "मास्तर अजून त्याच वाड्यात राहतात का?" यानंतर मुलांना विचारा: या माणसाचं देणं फिटलं का? फिटलं. आता तो मास्तरांशी कसा वागेल? सत्कर्मांची जागा कुठे, हे मुलं स्वतःच सांगतात आणि आपल्याला इफिसकरांस २:१० वाचून दाखवण्यापलीकडे काही करावं लागत नाही. आठवं-नववं वचन शिकवून दहावं सोडणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तसं करू नका. 'मग कितीही पाप केलं तरी चालेल की' हा प्रश्न एक तरी आगाऊ पोरगा विचारणारच. त्याला झापू नका, हाच प्रश्न पौलाला विचारला गेला होता आणि रोमकरांस पत्राचा ६वा अध्याय त्याचंच उत्तर आहे. कोणी विचारलंच नाही तर समजा की तुम्ही कृपा अजून पुरेशी मोकळी सांगितलेली नाही.

विश्वास हा भाग मला अनेक वर्षं शिकवता येत नव्हता. 'कर्माने नाही, विश्वासाने' असं म्हटलं की मुलं विश्वासालाच कर्म करून टाकतात. आजी बरी झाली नाही, माझा विश्वास कमी पडला. सुटका झाली ती अंगठ्यामुळे. २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ होतं. यादी लागली की कर्जदाराने आधार प्रमाणीकरण करायचं, केंद्रावर जाऊन यंत्रावर अंगठा ठेवायचा. अंगठा ठेवल्याने कर्ज फिटतं का? अंगठ्याची किंमत काय? काही नाही. पण तो ज्याचा त्यानेच ठेवायचा. हे सांगत असताना एक मुलगा म्हणाला, "काका, आमच्या आजोबांचा अंगठा उमटतच नव्हता." जन्मभर खुरपं आणि फावडं धरून रेषा झिजलेल्या. मग केंद्रावरच्या पोराने काय केलं, मी विचारलं. त्याने ओल्या फडक्याने बोट पुसलं, पुन्हा ठेवलं, नाही जमलं तर दुसरं बोट, तिसरं बोट. शेवटी मधल्या बोटावर घेतलं. मार्क ९ मध्ये आजारी मुलाला घेऊन आलेला बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्या मुलाच्या उत्तरानंतर मला त्या वचनावर वेगळं काही बोलावं लागलं नाही. त्याची गोष्ट मी दर वर्षी सांगतो, नाव न घेता.

वर्गात कोणाकडूनही 'माझं तारण झालं' असं वदवून घेऊ नका. हात वर करायला लावू नका. पंडिता रमाबाईंएवढं वाचन, संस्कृतचा अधिकार, धर्माचा शोध आपल्यातल्या कोणाचा आहे? १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनची सहल नेतो तेव्हा परतीच्या एसटीत मी हे सांगतो, घाटात बोलत नाही, सपाटीला लागल्यावर सांगतो, कारण अर्ध्या पोरांना गाडी लागते. पंधरा वर्षांच्या मुलाला आठ वर्षं देता येतात.

कॅथलिक नातेवाइकांचा विषय निघाला तर दोन वाक्यांत संपवा. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, यात्रेला आमची निम्मी मंडळी मामा-मावशीबरोबर जाऊन येते. १५१७ सालच्या, प्रॉटेस्टंट पंथ ज्यातून निघाला त्या लूथरच्या वादाची मोडतोड करून तो त्या मामा-मावशीच्या अंगावर घालू नका. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबुर्गला लूथरन आणि कॅथलिक मंडळींनी नीतिमान ठरण्याच्या, म्हणजे माणूस देवापुढे निर्दोष कसा ठरतो या, शिकवणीविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि आपण केवळ कृपेने स्वीकारले जातो हे दोघांनी मिळून म्हटलं. बाकीचे मतभेद आहेत, ते मोठ्यांनी बघावे.

शेवटची बैठक लूक १५ ला राखून ठेवा, आणि धाकट्यावर वेळ घालवू नका. उधळ्या पुत्राची नाटिका मुलांनी बालवर्गात चार वेळा केलेली असते, डुकरांसकट. धाकट्याबद्दल एकच गोष्ट दाखवा: परदेशात तो तीन वाक्यं घोकतो, त्यातलं शेवटचं 'मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा'. घरी आल्यावर ते वाक्य त्याला म्हणताच येत नाही, बाप झगा आणायला सांगून मोकळा झालेला असतो. पुन्हा तेच, फेडण्याची तयारी ऐकूनच घ्यायची नाही. आता थोरला, घरीच राबत राहिलेला आणि धाकट्याचं स्वागत बघून रुसलेला.

थोरला मी आहे. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज गेलं. आमचं, म्हणजे आईच्या नावावरचं ६०,००० चं पीककर्ज, मी दर वर्षी मुदतीच्या आत भरत होतो, एका वर्षी बायकोच्या बांगड्या तारण ठेवून भरलं होतं. आमच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचे १,४०,००० गेले, सातबारा कोरा. नियमित भरणाऱ्यांना कर्जाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त २५,००० प्रोत्साहन होतं. आईच्या खात्यावर १५,००० आले. हिशेबाने पाहिलं तर मला काही कमी मिळालं नव्हतं, माझं कोणी काही नेलं नव्हतं. तरी मला रात्री झोप येत नव्हती. बायको म्हणाली, "त्याच्या दोन पोरींची लग्नं राहिली होती, सुटला बिचारा." मी म्हणालो, "आणि मी काय मूर्ख आहे?" त्या वर्षी मी त्याच्याशी बोललो नाही. इतकी वर्षं राबतोय, मला कधी करडूदेखील मिळालं नाही, असं थोरला बापाला म्हणतो; त्यातलं 'इतकी वर्षं' मी कोणत्या आवाजात वाचतो ते आमच्या वर्गाला पाठ झालंय.

मुलांना हे पटतं, कारण वर्गात बसलेली सगळी थोरलीच असतात. उपासना न चुकवणारी, वचनं पाठ असणारी. कृपा ऐकायला गोड लागते ती स्वतःच्या खात्यावर. ती शेजाऱ्याच्या खात्यावर जमा झाली की मगच कळतं ती काय चीज आहे. म्हणून त्यांना विचारा, वर्गात आत्ता कोणाला माफी मिळाली तर तुम्हाला राग येईल? नावं मोठ्याने घ्यायची नाहीत. पाच मिनिटं.

पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा होता. निमंत्रण घेऊन तो स्वतः आला, बांधाच्या अलीकडे थांबून हाक मारली, मी मोटारीच्या खोलीत होतो, ऐकू येऊनही बाहेर आलो नाही. तेव्हा तो बांध ओलांडून आत आला. मी गेलो साखरपुड्याला, पण मुद्दाम उशिरा. पंगती उठल्या होत्या, पातेली घासायला काढली होती. त्याच्या बायकोने पुन्हा तवा टाकला आणि तो माझ्या ताटासमोर बसून राहिला, स्वतः जेवला होता तरी.

मी वर्गात हे सांगतो. तुम्ही माझी गोष्ट सांगू नका, मुलांना उसनी गोष्ट लगेच कळते. तुमच्या बांधाला लागून कोण आहे ते बघा, आणि धडा घेण्याच्या आदल्या शनिवारी त्याच्याकडे जाऊन या.